बाली: बारा वर्षांचे जाणे-येणे

गोदाकन्या

नमस्कार मंडळी,

मी मूळची पैठणची आणि २०१३ पासून नोकरीनिमित्त पूर्व जावातल्या सुराबाया शहरात राहते. गेली बारा वर्षे वर्षातून दोन-तीनदा बालीला जाते. तिथे राहून जे पाहिले आणि हाताने केले, ते सवडीने लिहावे असे बरेच दिवस मनात होते. लेखन लांबले आहे, पण विषयच तसा आहे.

सुराबायाहून बालीला विमानाने तासाभरात पोचता येते, तरी मला आगगाडी आवडते. सहा-सात तासांनी गाडी जावाच्या पूर्व टोकाला केतापांगला पोचते. तिथून फेरीबोटीने पाऊण-एक तासात सामुद्रधुनी ओलांडली की गिलिमानुक येते आणि घड्याळ एक तास पुढे करावे लागते. बोटीवर बहुतेक वेळा नारळाच्या कोवळ्या, फिकट पिवळ्या पातींनी गच्च भरलेले ट्रक दिसतात. बालीतल्या पूजेला रोज इतकी पाने लागतात की बेटावरच्या माडांना ती पुरवणे झेपत नाही, म्हणून ती जावातून येतात. ती तोडणारे, बांधणारे आणि वाहून नेणारे बहुतेक मुसलमान असतात. मला बालीच्या श्रद्धेविषयी लिहायला बसले की आधी हे ट्रक आठवतात. तिथला धर्म मला पाने, बांबू, तांदूळ, पाणी आणि त्यांवर राबणारे हात यांतून दिसत गेला. तत्त्वज्ञान पुष्कळ नंतर समजले.

पहिली भेट २०१४ च्या मार्चअखेर झाली. ३१ मार्चला आपला गुढीपाडवा होता आणि बालीत त्याच दिवशी न्येपी, म्हणजे तिथल्या शक वर्षाचा पहिला दिवस. आपल्याकडे शालिवाहन शके १९३६ सुरू झाले, तिथेही शक १९३६. शालिवाहनाच्या गावच्या मुलीला इतक्या दूर, परक्या घराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपलाच आकडा दिसावा, तेव्हा मी किती हरखले असेन याची तुम्ही कल्पना करू शकता. (हा शक मुळात कोणी सुरू केला याविषयी इतिहासकारांचे म्हणणे आपल्या दंतकथेहून वेगळे आहे, हे मला ठाऊक आहे, पण लहानपणी कानांवर पडलेले असे सहज पुसले जात नाही.)

आदल्या संध्याकाळी गावोगावच्या तरुणांनी बनवलेले ओगोह-ओगोह, म्हणजे अक्राळविक्राळ भुतांचे प्रचंड पुतळे, बांबूंच्या चौकटींवर खांद्यावरून मिरवले गेले. ढोल, झांजा, मशाली यांनी गाव दणाणून गेले. सकाळी उठले तर एवढी शांतता की अंगणात पडलेल्या पानाचाही आवाज यावा. न्येपीला चार गोष्टी वर्ज्य असतात: अग्नी आणि दिवा, काम, प्रवास, करमणूक. बेटावरचा विमानतळ चोवीस तास बंद असतो, गिलिमानुकचे बंदर बंद असते, आणि २०१८ पासून त्या दिवशी मोबाइलवरचे इंटरनेटही बंद ठेवतात. रुग्णालयातली निकड तेवढी याला अपवाद असते.

मी तबानान जिल्ह्यातल्या एका खेड्यात, भातखाचरांच्या कडेला, एका कुटुंबाच्या अंगणातली खोली भाड्याने घेतली होती. संध्याकाळी सातच्या सुमारास मला राहवले नाही आणि वाचण्यासाठी दिवा लावला. पाच मिनिटांत दारावर हलकी थाप पडली. डोक्याला उडेंग बांधलेले, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे वस्त्र गुंडाळलेले एक मध्यमवयीन गृहस्थ उभे होते. हे पचालांग, गावाचे पारंपरिक रक्षक. त्यांनी खिडकीकडे बोट दाखवले, हात जोडले आणि अगदी हळू म्हणाले, "लांपू, बू." दिवा, बाई. त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त लाज वाटली. दिवा मालवला. थोड्या वेळाने डोळे सरावले आणि खिडकीतून आकाश दिसू लागले. लहानपणी पैठणच्या गच्चीवर, वीज गेलेल्या रात्री पाहिलेले तेच आकाश. चाळीस लाखांहून अधिक वस्तीचे अख्खे बेट त्या घटकेला अंधारात मुकाट बसले होते. आपल्या पाडव्याला गुढी उभारून, श्रीखंड-पुरी करून वर्ष सुरू होते; इथे एक दिवस सगळेच थांबवून होते. दोन्ही मला माझे वाटतात, पण त्या रात्रीइतका धर्म मला क्वचितच अंगाला भिडला आहे.

त्या घरच्या आजींना मी दादोंग म्हणते. बाली भाषेत दादोंग म्हणजे आजी. दुसऱ्या खेपेला मी त्यांच्याजवळ चनांग करायला शिकायला बसले. चनांग सारी म्हणजे नारळाच्या पातीची तळहाताएवढी चौकोनी परडी. बालीला गेलेल्या प्रत्येकाने ती उंबऱ्यावर, दुकानाच्या पायरीवर, मोटारीच्या डॅशबोर्डवर पाहिलेली असते, आणि पुष्कळांनी चुकून तुडवलेलीही असते. दादोंग मांडीवर फळी घेऊन पात कापतात. पट्टी दुमडायची, कोपरा जुळवायचा आणि बांबूच्या चिमुकल्या चोईने टाचायचा. मला आमच्या आत्याने पळसाच्या पानांची पत्रावळ लावायला शिकवले होते, त्यामुळे चोई हातात आली तेव्हा बोटांना ती ओळखीची वाटली. हल्ली बऱ्याच घरांत स्टेपलर वापरतात. दादोंगना तो चालत नाही. परडी मातीत मिसळायची असते, लोखंड मागे राहते आणि अनवाणी पायांत घुसते, असे त्या सांगतात.

परडीत आधी पोरोसान ठेवायचे: विड्याचे पान, चुना, सुपारी. आपल्या पूजेतला विडाच, फक्त इवलासा. तिथे ही त्रिमूर्तीची खूण मानतात. मग दिशांप्रमाणे फुले: पूर्वेला पांढरे, ईश्वराचे, दक्षिणेला तांबडे, ब्रह्म्याचे, पश्चिमेला पिवळे, महादेवाचे, उत्तरेला निळे किंवा काळसर, विष्णूचे. वर केवड्याच्या जातीच्या पांदान पानांचा बारीक कीस. घरात अशा परड्या रोज पंधरा-वीस तरी लागतात. शिवाय सकाळचा भात शिजला की कोणीही जेवण्याआधी केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चिमूट चिमूट भात काढून चुलीपाशी, पाण्याच्या भांड्यापाशी, देवघरात आणि अंगणात ठेवतात. याला साईबान म्हणतात. हे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमच्याकडचे वैश्वदेव, काकबळी, गोग्रास आठवले. आमच्या घरी आजोबा गेल्यावर ते बंद झाले.

इथे मला जे म्हणायचे आहे ते स्पष्ट म्हणते. आपल्याकडून आलेली मंडळी बालीत दोन दिवस राहिली की "ही तर आपलीच संस्कृती, यांनी जपून ठेवली" असे बोलू लागतात. मीही पहिली दोन-तीन वर्षे हेच बोलत असे. आता बोलत नाही. ओळखीचे जे काही दिसते त्याचा आनंद खरा आहे, पण तिथेच थांबले की समोरच्या माणसाचे स्वतःचे जे आहे ते दिसेनासे होते. बालीच्या देवळात बहुधा मूर्ती नसते. उंच पद्मासनावरचे, म्हणजे देवासाठीच्या दगडी चौथऱ्यावरचे, सिंहासन रिकामे असते. देव उत्सवापुरते येतात आणि परत जातात. पूर्वजांचे स्थान देवांच्या बरोबरीने असते. नैवेद्यात डुक्कर असते, बदक असते. शैव पदांडांबरोबर, म्हणजे दीक्षा घेतलेल्या पुरोहितांबरोबर, बौद्ध पदांडाही मोठ्या विधींना बसतात. या धर्माला पूर्वी तिथेच 'आगामा तिर्ता', म्हणजे तीर्थाचा धर्म, असे नाव होते, कारण तीर्थाशिवाय तिथला एकही विधी पुरा होत नाही. हे सगळे 'आपले' म्हणून गुंडाळून टाकण्यासारखे नाही.

आणि तरीही एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. गावच्या देवळाचा ओडालान होता. ओडालान म्हणजे देवळाचा वर्धापनदिन. तो बहुतेक ठिकाणी २१० दिवसांच्या पावुकोन पंचांगाप्रमाणे येतो. मी पांढरा कबाया (पोलक्यासारखा) आणि कामेन (लुंगीसारखे वस्त्र) नेसून बायकांच्या रांगेत बसले होते. पमांकूंनी, म्हणजे गावच्या पुजाऱ्यांनी, तीर्थ शिंपडले, ओल्या तांदळाचे दाणे कपाळाला लावले आणि बाजूच्या मंडपातून गाणे सुरू झाले. चाल अगदी परकी, संथ, एकेक अक्षर ओढत नेणारी. बऱ्याच वेळाने शब्द लागले: "गंगा सिंधु सरस्वती... गोदावरी नर्मदा... कावेरी सरयू महेंद्रतनया..." मंगलाष्टक! माझ्या स्वतःच्या लग्नात, अंतरपाटाआड उभी असताना ऐकलेले कडवे. त्यात माझी नदी होती. मला रडू आवरेना. शेजारच्या बाईंनी काही न विचारता केसांतले चाफ्याचे फूल काढून माझ्या हातावर ठेवले. त्यांना गोदावरी कुठे आहे हे ठाऊक नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती तीर्थात उतरणारी एक नदी होती, आणि ते त्यांना पुरेसे होते.

भातशेतीच्या पाण्याविषयी लिहायचे राहिले, पण ते थोडक्यात आटोपण्याजोगे नाही. कोणी विचारले तर लिहीन.

चाफा

गोदाकन्याताई, फार मनापासून लिहिले आहे. न्येपी आणि पाडवा दरवर्षी एकाच दिवशी येतात का? आणि ते २१० दिवसांचे पंचांग काय आहे?

गोदाकन्या

चाफा, दरवर्षी नाही. बालीत शक आणि पावुकोन अशी दोन पंचांगे शेजारी शेजारी चालतात. शक पंचांग अमावास्या-पौर्णिमेवर चालते आणि अधूनमधून अधिक महिनाही धरते, पण तो आपल्याच वर्षी धरतील असे नाही. २०२३ मध्ये दोन्ही सण २२ मार्चला आले. त्या वर्षी आपल्याकडे अधिक श्रावण आला, म्हणून २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला गेला. बालीत न्येपी ११ मार्चलाच झाली. २०२६ मध्ये दोन्ही पुन्हा १९ मार्चला येतात, शके १९४८.

पावुकोनचा चंद्राशी काही संबंध नाही. सात-सात दिवसांचे तीस आठवडे, प्रत्येक आठवड्याला स्वतंत्र नाव. वारांची नावे ऐकलीत तर तुम्हाला गंमत वाटेल: रेडिते, सोमा, अंगारा, बुडा, व्रस्पती, सुक्रा, सनिस्चारा. आदित्य आणि शनैश्चर त्यात ओळखू येतात, आणि 'अंगारा' म्हणजे मंगळवार हे अंगारकी चतुर्थी पाळणाऱ्या मराठी माणसाला कोणी समजावून सांगायला नको. शिवाय पाच दिवसांचा आणखी एक आठवडा असतो, आणि दोन्हींचे वार जुळले की सण येतात. गालुंगानला पितर घरी येतात आणि दहा दिवसांनी कुनिंगानला परततात. तेव्हा प्रत्येक दाराबाहेर पेंजोर उभारतात: उंच, शेंड्याशी धनुष्यासारखा वाकलेला बांबू, त्याला पाती, भाताच्या लोंब्या, फळे. पितरांचे येणे असले तरी वातावरण आपल्या पितृपक्षाचे नसते. ज्येष्ठा गौरींच्या आगमनाचे असते.

पंचांगाच्या अगदी शेवटच्या दिवशी सरस्वतीचा सण असतो. त्या दिवशी पोथ्या आणि पुस्तके पूजेत असतात, म्हणून वाचायची नसतात. आणि तुंपेक लांडेपला शस्त्रांची पूजा होते. हल्ली त्या दिवशी मोटारसायकलींना परड्या बांधलेल्या दिसतात. खंडेनवमीची आठवण येतेच.

कोकणकडा

लेख आवडला, तरी माझा अनुभव वेगळा आहे आणि तो प्रामाणिकपणे नोंदवतो. आम्ही पतीपत्नी एका यात्रा कंपनीबरोबर पाच दिवस गेलो होतो. लेंपुयांगच्या देवळाच्या दारात छायाचित्रासाठी दीड तास रांगेत उभे राहिलो. दारापुढे तळे आहे असे चित्रांत दिसते, पण ते प्रत्यक्षात नाही. छायाचित्र काढणारा कॅमेऱ्याखाली आरसा धरतो. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर वाहनांची कोंडी, जिथे तिथे व्हिला आणि स्पा. अध्यात्माचे दुकान मांडले आहे असे वाटून आम्ही परतलो.

गोदाकन्या

कोकणकडा, तुमची निराशा मला पूर्ण समजते, आणि तुम्ही पाहिलेले खोटे नव्हते. दक्षिणेकडे भातखाचरे झपाट्याने विकली जात आहेत आणि पाणी हॉटेलांकडे वळते आहे. हे तिथल्या लोकांनाही सलते. परदेशी पर्यटकांकडून १४ फेब्रुवारी २०२४ पासून दीड लाख रुपिया शुल्क घेतात, ते संस्कृती आणि निसर्ग यांच्या रक्षणासाठी वापरायचे असे जाहीर केलेले आहे. त्याचा किती उपयोग होईल ते पाहायचे.

एवढेच सांगते की ज्या देवळात रांग असते त्याच देवळात भल्या पहाटे किंवा ओडालानच्या रात्री वेगळे दृश्य असते. तांपाकसिरिंगच्या तिर्ता एंपुलचे उदाहरण घ्या. हे दहाव्या शतकापासूनचे झऱ्याचे कुंड आहे. तिथे मलुकात, म्हणजे शुद्धिस्नान करतात. कुंडात एका रांगेत धारा पडतात. पर्यटक पहिल्या धारेपासून शेवटच्या धारेपर्यंत सगळ्यांखाली डोके धरत जातात. त्यांतल्या दोन धारा मृतांच्या विधीसाठीच्या आहेत, त्यांच्याखाली जिवंत माणूस जात नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही हे माहीत नव्हते. मागे उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलीने माझा दंड धरून मला पुढे नेले. सगळे विकले गेले असते, तर त्या मुलीने हात धरला नसता.

पांझराकाठ

ताई, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस, गाव धुळे जिल्ह्यात. भातशेतीच्या पाण्याचे राहिले म्हणालात, तेवढे आवर्जून लिहा. मी विचारण्याचे कारण असे की आमच्या पांझरा नदीवर फड पद्धत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे सहसा चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, पुढच्या वर्षी फेरपालट. प्रत्येकाची जमीन थोडी थोडी वेगवेगळ्या फडांत, म्हणजे टंचाईत एखाद्या फडाला पाणी मिळाले नाही तरी कोणी एकटा बुडत नाही. पाणी सोडायचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतः बारे, म्हणजे शेतात पाणी घ्यायचे तोंड, फोडायचे नाही. नोकरीत असताना मी मोठमोठ्या कालव्यांवर काम केले, पण शेवटच्या शेतापर्यंत समान पाणी पोचलेले मी फडातच पाहिले. बालीत नेमके काय आहे?

गोदाकन्या

काका, तुमचे वर्णन वाचून अंगावर काटा आला, कारण सुबाकचे मर्म तुम्ही अर्धे सांगूनच टाकले आहे.

सुबाक म्हणजे एका पाटावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्यांची संस्था. त्याचा मुख्य पकासेह. त्याला सभासद निवडतात. पाण्याचे वाटप तेंबुकूवर होते. हा पाटात आडवा बसवलेला ओंडका असतो (आता बऱ्याच ठिकाणी काँक्रीट) आणि त्याला प्रत्येकाच्या हिश्शाप्रमाणे रुंद-अरुंद खाचा असतात. पाणी वाढो की घटो, हिश्शाचे प्रमाण तेच राहते. प्रत्येक सुबाकचे देऊळ असते, अनेक सुबाकांचे मिळून आणखी वरचे देऊळ, आणि सगळ्यांच्या वर, बातूर सरोवराच्या देवी दानूचे उलुन दानू बातूर. पेरणी केव्हा करायची, कोणत्या बाजूने जमीन पडीक ठेवायची, हे देवळातल्या सभेत ठरते. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकची भूदृश्ये जागतिक वारशात घेतली. जतिलुविहची खाचरे त्यांतच येतात.

आता देवळाची गरज काय, असे कोणी म्हणेल. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लॅन्सिंग यांनी पर्यावरणशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांच्याबरोबर याची संगणकावर मांडणी करून पाहिली. सगळ्यांनी एकाच वेळी पेरले आणि एकाच वेळी जमीन पडीक ठेवली तर किडीला खायला काही उरत नाही आणि ती मरते. पण सगळ्यांनी एकाच वेळी पेरले तर पाणीही सगळ्यांना एकाच वेळी लागते, आणि खालच्या शेतकऱ्याला ते पुरत नाही. वरच्याला पाण्याची चिंता नसते, कीड मात्र त्यालाही नको असते. म्हणून खालच्याने पेरणी जुळवायची आणि वरच्याने पाणी सोडायचे, असा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा ठरतो. देवळांच्या जाळ्यातून हाच मेळ शतकानुशतके बसत आला होता.

१९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या मोहिमेत नव्या वाणांसाठी सरकारने सांगितले की जमेल तितक्या वेळा पेरा, देवळाच्या वेळापत्रकाची वाट पाहू नका. पहिली काही पिके चांगली आली. मग तपकिरी तुडतुडे आणि भातावरचे विषाणुरोग असे पसरले की शेतेच्या शेते गेली, पाण्याच्या तंट्यांना ऊत आला, आणि शेतकरी पुन्हा देवळाच्या वेळापत्रकाकडे वळले. दादोंगना तो काळ आठवतो. शेतात फवारलेल्या औषधाने पाटातली मासळी पांढरी होऊन तरंगत होती, एवढे त्या सांगतात आणि गप्प होतात.

तिथे 'त्रि हित करण' असा शब्द आहे: देवाशी, माणसांशी आणि भूमीशी नीट नाते. हॉटेलांच्या भिंतींवरही तो कोरलेला असतो. मला त्याचा अर्थ तेंबुकूच्या खाचेपाशी उभी राहिले तेव्हा कळला.

नभांगण

लेखन सुंदर आहे, पण एक प्रश्न टोचतो आहे. रोज पंधरा-वीस परड्या, सणाला शेकडो, शिवाय नोकरी, घर, मुले. हे सगळे बायकाच करतात ना? आपल्याकडच्या सोवळ्याओवळ्याचे कौतुक करणाऱ्या लेखांतही बाईचे हात दिसत नाहीत. मासिक पाळीत तिथे देवळात जाता येते का, हेही लिहा.

गोदाकन्या

नभांगण, प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. पाळीत देवळात जाता येत नाही. देवळांच्या दारांवर तशा पाट्याही असतात. घरात मृत्यू झाला की पुरुषांनाही जाता येत नाही. आपल्या सुतकासारखेच, त्याला सेबेल म्हणतात. पाळीचा नियम मला पटत नाही. दादोंगच्या नातीला मी हे बोलून दाखवले तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला ते चार दिवस विश्रांतीचे वाटतात." तिचे उत्तर तिचे, माझे मत माझे.

परड्यांचे ओझे बायकांवर आहे, हे खरेच. ही नात देनपासारला एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करते आणि चनांग बाजारातून विकत घेते; असे करणाऱ्या पुष्कळ आहेत. दादोंगना ते फारसे रुचत नाही, पण त्या बोलत नाहीत. पुरुषांची कामे वेगळी आहेत: पेंजोर, मंडप, आणि सणाच्या पहाटे मसाले व मांस बारीक चिरून लावार करणे. रोजच्या कामाचा हिशेब मांडला तर पारडे बायकांकडेच जड होते.

मात्र देवळातले हे काम कोणी एकटी करत नाही. त्याला एक शब्द आहे, ङायाह (वाङ्मयातला ङ). देवासाठी आणि गावासाठी बिनमोबदला राबणे. बांजारच्या, म्हणजे वाडीच्या, मंडपात लाकडाचा पोकळ कुलकुल टांगलेला असतो. तो वाजला की ज्याच्या त्याच्या हातातले काम बाजूला पडते. ओडालानच्या आधी तीन-चार दिवस बायका तिथे बसून पाती कापतात, तांदळाच्या पिठाची रंगीत चित्रे घडवतात, आणि तेवढ्या वेळात कोणाच्या सुनेचे दिवस भरत आले, कोणाचा मुलगा जहाजावर नोकरीला लागला, कोणाचे कर्ज फिटत नाही, हे सगळे बोलून होते. त्या घोळक्यात बसले असताना कष्ट आणि सोबत यांची फाळणी मला करता आलेली नाही.

अभ्यासू_वाचक

चर्चेत एक भर. 'हजार वर्षांपूर्वीचा धर्म जसाच्या तसा' अशी समजूत कोणाची असेल तर ती सोडावी लागेल. स्वतंत्र इंडोनेशियाच्या पंचशीलातले पहिले तत्त्व एकमेव ईश्वरावरची श्रद्धा हे आहे. सुरुवातीला सरकारच्या मान्य धर्मांत बालीच्या धर्माला स्थान नव्हते. ते मिळवण्यासाठी तिथल्या विद्वानांनी 'सांग ह्यांग विधी' या नावाच्या परमेश्वराच्या संकल्पनेवर भर दिला आणि १९५९ मध्ये परिसादा ही संस्था स्थापन केली. त्रिसंध्येची सामुदायिक प्रार्थना, जिची सुरुवात गायत्री मंत्राने होते, ती आजच्या स्वरूपात याच विसाव्या शतकातल्या घडणीतून आली. पर्यटकांसमोर होणारे केचाक नृत्यही १९३० च्या दशकात आकाराला आले. सांगह्यांग या जुन्या विधीतला पुरुषांचा समूहस्वर घेऊन त्यात रामायणाची कथा गुंफली, आणि त्यात वायान लिंबाक या नर्तकाबरोबर उबुदला राहणारा जर्मन चित्रकार वाल्टर श्पीस याचाही वाटा होता.

गोदाकन्या

अगदी बरोबर, आणि मला तर यामुळे त्यांच्याविषयीचा आदर वाढतोच. मान्यता नाही म्हणून ते थांबले नाहीत. आपल्याकडे काय आहे ते दुसऱ्याला समजेल अशा भाषेत मांडायला शिकले. श्पीस १९२७ मध्ये बालीत आला, त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकूरही तिथे आले होते. परदेशी माणसाने बालीवर प्रेम करणे नवे नाही. श्पीसने केचाकमध्ये हात घातला तेव्हा त्याच्याबरोबर लिंबाक होता, हे तुम्ही लिहिलेत ते फार महत्त्वाचे. माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाने तिथे गेल्यावर कोणाच्या तरी शेजारी बसायचे असते.

दादोंगचे यजमान २०१९ मध्ये गेले. कुटुंबाजवळ तेव्हा ङाबेनपुरते, म्हणजे दहनाच्या विधीपुरते, पैसे नव्हते. म्हणून त्यांना आधी पुरले आणि पुढे गावाने मिळून केलेल्या सामुदायिक ङाबेनमध्ये इतरांबरोबर त्यांचे दहन झाले. खर्च वाटला गेला, काम वाटले गेले. अस्थी समुद्राला दिल्या तेव्हा दादोंग रडल्या नाहीत. अश्रूंनी आत्म्याची वाट जड होते, असे मानतात. घरी परतल्यावर त्यांनी पाट मांडला, पात घेतली आणि दुसऱ्या दिवसाच्या परड्या टाचायला बसल्या. मी शेजारी बसले. आम्ही तासभर काही बोललो नाही. माझ्या परड्यांचे कोपरे आता बरेच सरळ येतात. त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझी एकही परडी उसवली नाही.

पांझराकाठ

ताई, तेंबुकूच्या खाचेची रुंदी कशाने मोजतात? आमच्याकडे बाऱ्याचा हिशेब वेळेवर आणि पाळीवर चालतो, खाचेवर नाही. खाच असेल तर रात्रीच्या चोरीचा प्रश्न आपोआप सुटत असेल. शक्य असेल तर छायाचित्र टाका.

गोदाकन्या

काका, आमच्या गावच्या पकासेहंना विचारले होते. ते हाताच्या बोटांनी मोजतात, आणि खाच लहान-मोठी करायची असेल तर सभेत सगळ्यांसमोरच करतात. चोरी अगदीच होत नाही असे नाही. रात्री कोणी मातीचा ढेकूळ लावतो, सकाळी कोणीतरी तो काढतो आणि सभेत दंड होतो. येत्या खेपेला टेप घेऊन जाते, तीन-चार तेंबुकूंची मापे आणि छायाचित्रे इथेच टाकते. तुम्ही पांझरेवरच्या एखाद्या फडाचा नकाशा टाकू शकलात तर तो मी पकासेहंना दाखवीन. मागे फडाविषयी सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता की तुमच्याकडे पाटाच्या मुखाशी देऊळ कोणाचे असते. मला उत्तर देता आले नव्हते. तेवढे कळवा.